आठ वारांचा हिशेब : परदेशातून परवडणारा किल्ट मागवताना

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा पारंपरिक पोशाख. त्याच्या जाहिरातीत 'एट यार्ड' असं लिहिलेलं असतं. यार्ड म्हणजे आपला वार. घरात नऊवारी पाहिलेल्या माणसाला पुढचं फार समजावून सांगावं लागत नाही. एवढं कापड अंगाभोवती गुंडाळायला लागत नाही, ते निऱ्यांत जातं. किल्टमध्येही पुढे दोन सपाट पदर एकमेकांवर येतात (त्यांना एप्रन म्हणतात) आणि उरलेलं सगळं कापड मागच्या निऱ्यांत बसतं. स्वस्त किल्ट स्वस्त होतो तो नेमका तिथेच, कारण निऱ्या मागे असतात आणि फोटो पुढून काढलेला असतो.

एडिंबरा-ग्लासगोला शिकायला गेलेले, स्कॉटिश सासर मिळालेले, मित्राच्या लग्नपत्रिकेवर 'हायलँड ड्रेस' (म्हणजे किल्टसह पूर्ण स्कॉटिश पोशाख) वाचून गोंधळलेले आणि बॅगपाइपच्या बँडमध्ये वाजवणारे अशा सगळ्यांना हा लेख उपयोगी पडावा. मात्र पोशाख एकाच संध्याकाळी घालायचा असेल आणि तुम्ही ब्रिटनमध्येच राहत असाल, तर विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. जाकिटापासून बुटांपर्यंत सगळं मापाचं मिळतं आणि परत करताना धुवावंही लागत नाही. तीन-चारदा घालायची शक्यता असेल तरच खरेदीचा विचार करा.

कापड आणि किंमत

बाजारात साधारण तीन थर आहेत. सर्वांत वर स्कॉटलंडमध्ये हाताने शिवलेला, शुद्ध लोकरीचा, आठ वारी किल्ट. त्याला कारागिराचे वीसेक तास लागतात, किंमत बहुधा पाचशे पौंडांच्या आसपास किंवा वर जाते आणि ऑर्डर दिल्यावर काही आठवडे थांबावं लागतं. मधल्या थरात पॉलिएस्टर-व्हिस्कोस, म्हणजे 'पीव्ही' कापडाचे किल्ट येतात. किंमत साधारण शंभर ते दोनशे पौंड. हे कापड टोचत नाही, त्याला कसर लागत नाही आणि बरेचदा घरीही धुता येतं. सर्वांत खाली ॲक्रिलिक. हे काही डझन पौंडांत मिळतात आणि बहुतेक पाकिस्तानातल्या सियालकोटहून येतात. सियालकोट खेळाच्या साहित्यासाठी प्रसिद्ध आहेच, पण बॅगपाइप आणि हायलँड पोशाखाचा मोठा निर्यात व्यवसायही तिथे आहे.

सियालकोटचा माल म्हणजे टाकाऊ माल, असं समजू नका. तिथे चांगलं शिवणारेही आहेत. अडचण अशी की एकाच छायाचित्रावर दहा दुकानं वेगवेगळ्या दर्जाचा माल विकतात, आणि 'ॲक्रिलिक वूल' या नावात वूल नावापुरतंच असतं. वर्णनात 'शंभर टक्के वूल', 'वर्स्टेड' किंवा 'प्युअर न्यू वूल' असे स्पष्ट शब्द नसतील, तर ते ॲक्रिलिक आहे असंच धरून चला.

लोकरीच्या कापडावर औंसांत वजन दिलेलं असतं : १०–११ हलकं, १३ मध्यम, १६ जड. हे दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचं वजन. ते कापड मधोमध उभं कापलं की चार वारांचे आठ वार होतात. म्हणून आठ वारी किल्टला १३ औंसांच्या कापडात सुमारे दीड किलो आणि १६ औंसांत सुमारे एक किलो आठशे ग्रॅम नुसतं कापड लागतं. ही संख्या लक्षात ठेवा. 'आठ वारी, १६ औंस' म्हणून विकलेला किल्ट काट्यावर नऊशे ग्रॅम भरला, तर वार किंवा औंस यांपैकी एक तरी खोटं आहे. जड कापडाच्या निऱ्या सुरेख पडतात, चालताना लयीत हलतात आणि वाऱ्याने उडत नाहीत. पण किल्ट पुणे-मुंबईच्या समारंभात घालायचा असेल तर १६ औंस हा अंगावर घेतलेला घोंगडाच. तिथे ११ किंवा १३ औंस, नाहीतर सरळ पीव्ही बरं.

बजेट शंभर-दीडशे पौंड असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : नव्या ॲक्रिलिकपेक्षा वापरलेली लोकर किंवा नवं पीव्ही घ्या. भाड्याने देणारी दुकानं जुना साठा अधूनमधून विकायला काढतात. लिलावाच्या संकेतस्थळांवर आणि धर्मादाय संस्थांच्या दुकानांतही चांगले किल्ट येतात. लोकरीचा किल्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, त्यामुळे वापरलेला असण्यात कमीपणा नाही. मात्र खिडकीच्या उजेडापुढे धरलेला फोटो मागा, कसरीची भोकं त्यातच दिसतात.

टार्टन निवडताना

टार्टन म्हणजे किल्टच्या कापडावरचा रंगीत चौकड्यांचा नमुना. बऱ्याच टार्टनना स्कॉटिश घराण्यांची, म्हणजे क्लॅनची, नावं असतात. 'आमचं तर कुठलंच क्लॅन नाही, मग चालेल का?' हा प्रश्न सगळेच विचारतात. चालेल. कुणी कुठलं टार्टन घालावं याचा साधारणतः कायदा नाही, रीत आहे. राजघराण्याचं बाल्मोरल मात्र राखीव आहे. इतर काही टार्टनही त्यांच्या मालकांच्या परवानगीनेच विणली जातात. नवख्याने ब्लॅक वॉच, आइल ऑफ स्काय, प्राइड ऑफ स्कॉटलंड अशी सर्वांना खुली टार्टन घ्यावीत, किंवा राहतो त्या भागाचं घ्यावं. एडिंबरा आणि ग्लासगो दोन्ही शहरांची स्वतःची टार्टन आहेत. नाव आणि नमुना पडताळायला स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स ही सरकारी नोंदवही आहे. २००८ च्या कायद्याने ती स्थापन झाली, २००९ पासून ती चालू आहे आणि तिथला शोध फुकट आहे. विक्रेत्याचा फोटो आणि नोंदवहीतलं चित्र शेजारी ठेवून पट्ट्यांचा क्रम पाहा. स्वस्त ॲक्रिलिकमध्ये एखादी बारीक पिवळी किंवा पांढरी रेघ गाळलेली असते, नाहीतर हिरवा रंग भलताच पोपटी असतो.

टार्टनच्या नावापुढे येणारे शब्द नवख्यांना चकवतात. 'मॉडर्न' म्हणजे गडद रंग. 'एन्शंट' म्हणजे फिके रंग, जुन्या वनस्पतिजन्य रंगांच्या धर्तीवरचे. कापड जुनं असतं असा त्याचा अर्थ नाही. 'वेदर्ड' म्हणजे ऊन-पावसाने विटल्यासारखे तपकिरी-करडे. 'हंटिंग' बहुधा हिरव्या किंवा तपकिरी पायाचं असतं. आणि 'ड्रेस' म्हणजे समारंभाचं नव्हे, तर पांढऱ्या पायाचं. 'ड्रेस स्टुअर्ट' लग्नासाठी म्हणून मागवावं आणि पांढरंशुभ्र काहीतरी यावं, असं नेहमी होतं. लग्नात नवरदेवाच्या मित्रमंडळींशी जुळवायचं असेल तर टार्टनचं पूर्ण नाव, रंगछटा आणि शक्य तर गिरणीचंही नाव विचारून घ्या. एकाच टार्टनच्या दोन गिरण्यांच्या छटा शेजारी उभ्या राहिल्या की फरक डोळ्यांत भरतो.

मापं : इथे घाई नको

परत जाणाऱ्या किल्टमध्ये निम्म्याहून जास्त घोळ एकाच कारणाने होतो, असं म्हटलं तरी चालेल. माणूस पँटचं माप पाठवतो. पँट बेंबीच्या खाली बसते, किल्ट बेंबीच्या रेषेत किंवा तिच्या थोडा वर बसतो. शिवाय तयार पँटवरचा आकडा दुकानदार ग्राहकाला खूश ठेवण्यासाठी कमी छापतात. ३४ ची पँट घालणाऱ्याची किल्टची कंबर ३६ ते ३८ भरते. त्यामुळे मापं ताजी घ्या, इंचांत घ्या आणि दुसऱ्याकडून घ्या. घराजवळचा शिंपी मिळाला तर उत्तमच. त्याला 'कंबर बेंबीवर, सीट आणि गुडघ्यापर्यंत लांबी' एवढं सांगितलं तरी पुरतं.

१. पातळ शर्ट आणि हाफ पँट घाला. खिशातलं पाकीट, मोबाइल काढा. बूट काढून पाय जुळवून ताठ उभे राहा.

२. कंबर : टेप बेंबीच्या रेषेत, जमिनीला समांतर. नेहमीसारखा श्वास सोडा, पोट आत ओढू नका. टेप अंगाला टेकलेली हवी, रुतलेली नको. जेवणानंतर तासाभराने घेतलेलं माप लग्नाच्या दिवशी जास्त खरं ठरतं.

३. सीट : नितंबांच्या सर्वांत रुंद भागावरून. मापणाऱ्याने बाजूने वाकून टेप तिरकी नाही ना हे पाहावं. हे माप कमी भरलं तर निऱ्या मागे फाकतात आणि किल्ट फुगलेल्या छत्रीसारखा दिसतो.

४. लांबी : कंबरेच्या त्याच रेषेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. समोर बघा. खाली वाकून बघितलं की माप अर्धा-पाऊण इंच हलतं. पडताळणीसाठी गुडघ्यांवर ताठ बसा आणि कंबरेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. घातलेल्या किल्टची कड या स्थितीत जमिनीला जेमतेम टेकावी किंवा इंचभर वर राहावी.

५. प्रत्येक माप तीनदा घ्या. तीनही आकडे जुळले नाहीत तर चौथ्यांदा घ्या.

लांबीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. तयार किल्ट बहुधा २४ इंचांचे असतात, कारण तिकडच्या सरासरी उंचीला ते बसतं. पाच फूट पाच-सहा इंच उंचीच्या माणसाला २२–२३ इंच लागतात. चोवीस इंची किल्ट त्याच्या गुडघ्याखाली उतरतो आणि मग तो किल्ट न दिसता शाळेतल्या मुलीचा स्कर्ट दिसतो. 'शिंप्याकडून खालून दुमडून घेऊ' हा विचार इथे चालत नाही. पारंपरिक किल्टला खाली दुमड नसतेच. खालची कड ही कापडाची विणलेली किनार असते. दुमडायची तर निऱ्यांची घडी मोडते, आणि वरून कापायचं तर कंबरेचा आकार जातो. कंबरेत मात्र वाव असतो. किल्ट कंबरेला आवळणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांच्या भोकांनी इंचभर आणि बक्कल सरकवून आणखी इंच-दीड इंच सहज मिळतो. म्हणून वापरलेला किल्ट घेताना लांबी तंतोतंत पाहा आणि कंबरेत थोडी तडजोड करा.

पोट सुटलेलं असेल तर लाजू नका, विक्रेत्याला लिहून कळवा. किल्ट पोटाच्या खाली बांधला तर दिवसभर घसरत राहतो आणि पुढून लांब, मागून आखूड दिसतो. चांगला शिवणारा असेल तर पुढच्या एप्रनला तेवढा वाव ठेवतो.

विक्रेत्याला काय विचारायचं

पत्ता एडिंबराचा आणि झेंडा स्कॉटलंडचा असला म्हणून किल्ट तिथे शिवला असं होत नाही. 'डिझाइन्ड इन स्कॉटलंड' आणि 'मेड इन स्कॉटलंड' हे दोन वेगळे दावे आहेत. पार्सल कुठून निघणार, हे सरळ विचारा. सियालकोटहून निघणार असेल तर भारताबाहेर राहणाऱ्यांसाठी त्यात गैर काही नाही (भारताने पाकिस्तानी मालाच्या आयातीवर मे २०२५ मध्ये बंदी घातली), पण मग किंमतही सियालकोटचीच द्या.

दुसरं, त्याच किल्टचा मागून काढलेला, सपाट पसरलेला फोटो मागा. दुकानाच्या पानावरचा नको, आत्ता काढलेला हवा. त्यात निऱ्या मोजा. हिशेब असा : आठ वार म्हणजे २८८ इंच. पुढचे दोन एप्रन मिळून साधारण ४५ इंच घेतात, उरले २४३. प्रत्येक निरीत टार्टनच्या नमुन्याचा एक पूर्ण फेरा जातो. तो समजा ९ इंचांचा आहे, तर निऱ्या २७. पाच वारी किल्टमध्ये याच हिशेबाने १५ निऱ्या येतात. टार्टनप्रमाणे फेरा लहान-मोठा असतो, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण 'आठ वारी' म्हणवणाऱ्या किल्टला १४ निऱ्या दिसल्या तर पुढे बोलायची गरज नाही. पाच वारी किल्ट ही फसवणूक नाही, मैफलीला किंवा रग्बीच्या सामन्याला तो छानच. फक्त त्याला आठ वारींचे पैसे देऊ नका.

त्याच फोटोत आणखी दोन गोष्टी दिसतात. निऱ्या मिटलेल्या असताना मागे टार्टनचा चौकडा जुळतोय का, की रेघा तुटक पडतायत? (लष्करी पद्धतीत प्रत्येक निरीवर एकच उभी रेघ येते. ती मुद्दाम असते, चूक नव्हे.) आणि निऱ्या कंबरेपासून किती खाली शिवलेल्या आहेत? या शिवलेल्या भागाला 'फेल' म्हणतात आणि तो एकूण लांबीच्या एक-तृतीयांश असावा, २४ इंची किल्टला ८ इंच. स्वस्तात ४–५ इंचांवरच शिवण थांबते, मग निऱ्या सीटवरच उघडतात. शिवाय निरी सीटपासून कंबरेकडे निमुळती होत जायला हवी. ती सरळ पट्टीसारखी असेल तर कंबरेचा आकार निव्वळ पट्टे आवळून आणलेला आहे.

आतली बाजूही विचारा : अस्तर आहे का, कंबरेच्या भागात बकरम किंवा कॅनव्हास (आकार धरून ठेवणारं ताठ कापड) आहे का, आणि पट्टे किती. दोन उजव्या बाजूला, एक डाव्या बाजूला, असे तीन हवेत. पट्टे खऱ्या चामड्याचे आहेत की पुठ्ठ्यावर रेक्झिन, तेही विचारून घ्या. जो विक्रेता या प्रश्नांना दोन ओळींत नीट उत्तर देत नाही, तो तक्रारीला काय उत्तर देणार, हे कळतंच.

पैसे क्रेडिट कार्डाने किंवा पेपॅलसारख्या खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गाने द्या. पेपॅलवर तक्रारीला १८० दिवस मिळतात. ब्रिटनच्या क्रेडिट कार्डावर १०० पौंडांहून महाग वस्तू घेतली तर वस्तू न आल्यास किंवा वेगळीच आल्यास कार्ड कंपनीही जबाबदार असते, विक्रेता परदेशी असला तरी. 'बँकेत थेट भरा, दहा टक्के सूट देतो' म्हणणाऱ्याची सूट त्यालाच राहू द्या. आणि मापाने शिवलेली वस्तू आवडली नाही म्हणून परत करता येत नाही. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांची परतीची सवलत आहे, पण मापाने शिवलेल्या मालाला ती लागू नाही.

बाकीचा सरंजाम

'नऊ वस्तूंचा संपूर्ण संच' हे आमिष असतं. त्यात मोज्यांच्या रिबिनी एक वस्तू, टाचणी एक वस्तू, बक्कल वेगळी वस्तू, असं करून नऊ भरतात. सुट्या वस्तू घेतल्या तर तेवढ्याच पैशांत बरं मिळतं. कुठे वाचवायचं हे मात्र कळायला हवं.

स्पोरन म्हणजे पुढे लोंबणारी पिशवी, कारण किल्टला खिसे नसतात. दिवसा साधं चामडं, संध्याकाळी फर किंवा चांदीच्या रंगाची चौकट असलेलं. एकच घ्यायचं तर 'सेमी-ड्रेस' घ्या, म्हणजे पुढे फर आणि वर चामड्याची झाकण. ते दोन्हीकडे चालतं. फरच्या बाबतीत सावध राहा. सीलची कातडी अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी कायद्याने आणता येत नाही. युरोपीय संघानेही २००९ मध्ये सीलच्या वस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली. वापरलेलं, सुंदर, स्वस्त सील स्पोरन दिसलं तरी सीमेवर जप्त होईल. ससा, गाय किंवा कृत्रिम फर घ्या आणि विक्रेत्याला पावतीवर प्राण्याचं नाव लिहायला सांगा. स्पोरनची साखळी वेगळी विकतात. तिची लांबी किल्टवरून सीटभोवती मोजून ठरवा. घातल्यावर स्पोरनची वरची कड कंबरेच्या बेल्टच्या बक्कलपासून तीन-चार बोटं खाली यावी. साखळी सैल ठेवली तर चालताना ती कुठे आपटते, हे एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा विसरत नाही.

कंबरेचा पट्टा, म्हणजे किल्टवरून बांधायचा बेल्ट, रुंद असतो, सव्वादोन इंच. त्याचं मापही किल्ट घालून वरून घ्यावं. वेस्टकोट घालणार असाल तर पट्टा लागतच नाही, तेवढे पैसे वाचवा.

मोजे, म्हणजे 'होज', जाड लोकरीचे आणि वर दुमडायचे. दुमड गुडघ्याच्या वाटीच्या दोन-तीन बोटं खाली यावी. नायलॉनचे पातळ मोजे तासाभरात घसरून घोट्यावर येतात, त्यामुळे इथे चार पौंड जास्त गेले तर जाऊ द्या. रंग मळकट पांढरा, गडद हिरवा किंवा काळा. त्यावर बांधायच्या 'फ्लॅशेस' या रंगीत रिबिनींत कुठलाही फरक नसतो, सर्वांत स्वस्त घ्या.

गिली ब्रोग बुटांना जीभ नसते आणि नाड्या घोट्याभोवती गुंडाळतात. बुटांचं भारतीय माप म्हणजे ब्रिटिशच माप, अमेरिकन मात्र बहुधा एकाने जास्त असतं. जाड मोज्यांसाठी अर्धं माप वाढवा. स्वस्तातले चामड्याचा भुगा दाबून केलेले असतात, ते दोन पावसांत सोलतात. घरात साधे काळे फॉर्मल बूट असतील तर पहिल्या वर्षी तेच घाला, कुणी हटकत नाही.

जाकीट ही खरी खर्चाची वस्तू. त्याऐवजी नेहमीचा कोट चालत नाही, कारण किल्टचं जाकीट कंबरेशीच संपतं. नेहमीचा सूटचा कोट घातला तर खाली फक्त निऱ्यांची झालर दिसते. 'प्रिन्स चार्ली' रात्रीच्या औपचारिक समारंभाचं, बो टाय आणि तीन बटणांच्या वेस्टकोटसह. 'अर्गाइल' दिवसाही चालतं, नेहमीच्या टायवरही. पहिलं जाकीट अर्गाइल घ्या आणि वापरलेलं घ्या. भाड्याच्या दुकानांच्या जुन्या साठ्यात ते कायम असतं. पाहुणे म्हणून जात असाल आणि पत्रिका साधी असेल तर नाडीचा 'गिली शर्ट' आणि वर काहीच नाही, हेही पुरतं.

किल्टची टाचणी फक्त वरच्या एप्रनला लावतात, उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ. दोन्ही पदरांतून टोचली तर बसताना कापड फाटतं. आणि मोज्यात खोचायची छोटी सुरी, स्कीन डू. स्कॉटलंडमध्ये राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगायला कायद्याने सूट आहे. पण विमानाच्या हातसामानात ती चालणार नाही, शाळा-मैदानांतही अडवतील, आणि परदेशातून पार्सलने पातं मागवणं म्हणजे कस्टमच्या अधिकाऱ्याला कामाला लावणं. पातं नसलेली, नुसत्या मुठीची प्लास्टिक सुरी स्वस्तात मिळते. मोज्यातून मूठच बाहेर दिसते, मग पातं कुणाला दाखवायचंय?

दारात पडणारी किंमत

पानावरची किंमत आणि दारात पडणारी किंमत या दोन वेगळ्या गोष्टी. हिशेब असा मांडा : वस्तू + पाठवणी + आयात शुल्क + स्थानिक कर + कुरिअरचं हाताळणी शुल्क + कार्डावरचा परकीय चलनाचा अधिभार.

ब्रिटनमधून बाहेर माल पाठवताना तिथला २० टक्के व्हॅट लागत नाही. काही दुकानं तो आपोआप वजा करतात, काही विचारल्यावर. पण वजाबाकी नीट समजून घ्या. ३६० पौंडांच्या किंमतीत व्हॅट धरलेला असेल तर भागिले १.२ करायचं, म्हणजे ३०० पौंड. ३६० चे २० टक्के, म्हणजे ७२ पौंड, कमी होणार नाहीत. उलट दिशेने, ब्रिटनमध्ये मागवताना १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर व्हॅट विक्रेत्यानेच घ्यायचा असतो. त्याच्या वर गेलं की सीमाशुल्क आणि व्हॅट आयातीच्या वेळी. म्हणून किल्ट आणि स्पोरन एकाच पार्सलात मागवून रक्कम १३५ च्या किंचित वर नेऊ नका. अमेरिकेतल्या मंडळींनी जुनी सवय सोडायला हवी. ८०० डॉलरपर्यंत शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली, आता छोट्या पार्सलचाही हिशेब करावा लागतो. भारतात ऑनलाइन खरेदीला अशी किमान सूट नाही, आणि भेटवस्तू म्हणून मिळणारी पाच हजार रुपयांपर्यंतची माफी डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली. विक्रेता 'गिफ्ट लिहून पाठवतो' म्हणाला तर नको म्हणा. कुरिअर कंपनी केवायसी मागेल, आधार किंवा पॅन तयार ठेवा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील तर आधी बँकेच्या ॲपमधून चालू करा.

पाठवणीच्या पर्यायांत 'ड्यूटी पेड' (आयात शुल्क आधीच भरलेलं) असेल तर थोडं महाग असूनही तेच घ्या. दारात आलेल्या कुरिअरवाल्याशी शुल्कावरून हुज्जत घालण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात पार्सल परत गोदामात जातं. वेळेचंही गणित करा. मापाने शिवायला सहा ते आठ आठवडे, प्रवास आणि सीमाशुल्कात दोन-तीन आठवडे, आणि चुकलंच तर दुरुस्तीला दोन. लग्नाच्या तीन महिने आधी ऑर्डर गेली पाहिजे.

पार्सल उघडल्यावर

उघडतानाचा व्हिडिओ काढा, तक्रारीत तोच पुरावा. मग लगेच काट्यावर ठेवा, निऱ्या मोजा, लांबी टेपने पाहा. लोकर असल्याचा दावा असेल तर आतल्या शिवणीतला एक सुटा धागा चिमट्यात धरून काडीने पेटवा. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि काळा कडक मणी उरतो.

निऱ्यांवर खालून आडव्या टाक्यांचे पांढरे कच्चे दोरे दिसतील. प्रवासात घडी मोडू नये म्हणून ते घातलेले असतात. परत करायचा नाही हे पक्कं झालं की काढा, पण समारंभाआधी नक्की काढा. दोऱ्यांसकट नाचणारे पाहुणे दर मोसमात दिसतात.

घालताना क्रम पाळा : शर्ट, मोजे, फ्लॅशेस, बूट, आणि मग किल्ट. किल्ट आवळल्यावर नाड्या बांधायला वाकता येत नाही. निऱ्या मागे. हे लिहावं लागतंय, कारण साडीच्या सवयीने हात निऱ्या पुढे घेतो. डावीकडचा पट्टा आधी, तो किल्टला असलेल्या फटीतून बाहेर काढून बक्कलमध्ये घालायचा. मग वरचा एप्रन उजवीकडे नेऊन उजवे दोन पट्टे. पुरुषांच्या किल्टचा वरचा पदर उजव्या बाजूला संपतो. तुमचा डावीकडे संपत असेल, तर बहुधा विक्रेत्याने बायकांचा किल्ट-स्कर्ट पाठवलाय आणि तक्रार आजच करायला हवी. बसताना दोन्ही हातांनी मागच्या निऱ्या खाली सारून बसा, नाहीतर उठल्यावर त्या कायमच्या चुरगळतात.

रात्री किल्ट चिमट्याच्या हँगरला कंबरेकडून टांगा. लोकरीचा असेल तर मशिनमध्ये घालू नका, डाग ओल्या फडक्याने पुसा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री थेट फिरवली तर कापड चकाकतं किंवा चिकटतं, त्यामुळे मध्ये ओलसर सुती पंचा ठेवा. वापरलेली लोकर घरात आणताना आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे त्यातली कसर तुमच्या शालींपर्यंत जाणार नाही.